ड्रायवॉलमध्ये ३०० बाय ४०० मिमीची खिडकी : डाग दिसल्यापासून रंग लागेपर्यंतचे १७ दिवस

जिप्सम बोर्डाच्या भिंतीत चौकोन कापायला प्रत्यक्षात १२ मिनिटं लागली. तो कुठे, केवढा आणि किती खोल कापायचा हे ठरवण्यात सहा दिवस गेले, आणि कापलेली जागा डोळ्यांना कळणार नाही अशी बुजवण्यात पाच. मधले दिवस गळती काढण्यात आणि भिंत वाळण्याची वाट पाहण्यात गेले. करवत घ्यायची म्हटलं की बहुतेकांना कापण्याचीच धास्ती वाटते, म्हणून हा सगळा क्रम तारखांसकट लिहून ठेवतो आहे.

भिंत म्हणजे बाथरूम आणि झोपायच्या खोलीमधली पडदी. आत ७० मिमी रुंद पत्र्याचे उभे स्टड (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसवतात ते खांब), एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत ६०० मिमी अंतरावर. दोन्ही बाजूंनी १२.५ मिमी जाडीचा बोर्ड. बाथरूमकडून बोर्डावर टाइल, खोलीकडून नुसता रंग. रविवारी, ३ तारखेला, खोलीच्या बाजूला स्कर्टिंगच्या वर तळहाताएवढा पिवळट डाग दिसला. बोटाने दाबलं तर कागद किंचित मऊ लागत होता.

डाग दिसला की तिथेच भिंत फोडायचा मोह होतो. पण या भिंतींमध्ये पाणी जिथे गळतं तिथे क्वचितच दिसतं. ते पाइपवरून ओघळतं, स्टडच्या कडेने खाली उतरतं, तळाच्या आडव्या पत्र्याच्या पन्हळीत साठतं आणि तिथून बोर्डाचा कागद ते वर शोषून घेतो. म्हणून डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली, तिच्याशेजारी तारीख आणि वेळ लिहिली, आणि पुढचे तीन दिवस भिंतीला हात लावला नाही.

सोमवारी, ४ तारखेला, घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि दोन तासांनी पुन्हा पाहिला. आकडा तोच होता. म्हणजे ज्या पाइपांत सतत दाब असतो ते शाबूत होते. मीटर नसेल तर मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवून सकाळी डाग पेन्सिलच्या रेघेबाहेर गेला आहे का ते पाहायचं. मंगळवारी बाथरूमच्या जाळीत एकामागून एक तीन बादल्या पाणी ओतलं, फरशी आणि टाइल कोरड्या ठेवून. संध्याकाळपर्यंत डाग होता तेवढाच राहिला, म्हणजे निचऱ्याचा पाइपही ठीक. बुधवारी शॉवर दहा मिनिटं चालवला, पण पाणी टाइलवर पडू न देता थेट बादलीत धरलं. टाइलच्या फटींतून पाणी आत जात असेल तर या चाचणीत डाग वाढायला नको. तो वाढला. रात्रीपर्यंत रेघेच्या बाहेर दीड सेंटिमीटर ओल आली होती. नळ उघडल्यावरच ज्यात पाणी येतं असा भिंतीतला एकच भाग उरला : मिक्सरपासून (गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळापासून) शॉवरकडे वर जाणारा पाइप आणि त्यावरचे सांधे.

या तीन चाचण्यांना एक बादली आणि थोडा धीर पुरतो. त्या न करता डागावर कापलं असतं, तर भोक सांध्यापासून मीटरभर खाली पडलं असतं.

गुरुवारी इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्र दिलं. कोणती भिंत, कोणत्या बाजूने, अंदाजे केवढं भोक, कोणत्या दिवशी, पाणी किती तास बंद लागेल, एवढं त्यात होतं. शिवाय एक स्पष्ट प्रश्न विचारला होता : ही पडदी अग्निरोधक म्हणून बांधलेली आहे का? हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावं. दोन घरांमधल्या, जिन्यालगतच्या किंवा गॅरेजलगतच्या भिंती अनेकदा ठरावीक वेळ आग अडवण्यासाठी बांधलेल्या असतात. त्यात बोर्डाचे दोन थर असू शकतात, बोर्डही वेगळा असतो, आणि तिथे भोक पाडलं तर ते त्याच दर्जाच्या साहित्याने, त्याच पद्धतीने भरावं लागतं. साधं प्लॅस्टिकचं झाकण तिथे चालत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाची संमती वेगळी. बांधकाम १९८० च्या आधीचं असेल तर आणखी एक थांबा आहे : त्या काळातल्या जॉइंट कंपाउंडमध्ये (बोर्डांचे सांधे भरायच्या लेपात) आणि भिंतीच्या लेपांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. नमुना प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत अशा भिंतीला करवत किंवा पॉलिश पेपर लावू नये.

उत्तर शुक्रवारी संध्याकाळी आलं. पडदी साधी होती.

शनिवार, ९ तारीख. सकाळचा सगळा वेळ मोजमापात गेला. बाथरूमच्या बाजूला मिक्सरचा मध्य दाराच्या चौकटीपासून किती लांब आणि किती उंचीवर, हे दोन आकडे घेतले आणि खोलीच्या बाजूला उतरवले. इथे चुका दोनच प्रकारच्या होतात, पण महागात पडतात. एक म्हणजे भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर डावं उजवं होतं, हे लक्षात न राहणं. दुसरी, दोन्ही खोल्यांच्या फरशीची पातळी एकच आहे असं धरून चालणं. बाथरूमची फरशी बहुधा खाली असते. त्यामुळे उंची फरशीपासून न घेता दोन्हीकडून दिसणाऱ्या चौकटीच्या वरच्या कडेपासून घेतली तर फसगत होत नाही.

मग स्टड शोधले. त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. दोऱ्याला छोटं पण ताकदीचं लोहचुंबक बांधून ते भिंतीवरून हळूहळू फिरवलं की स्क्रूच्या डोक्यावर ते टक्कन चिकटतं. असे तीन-चार स्क्रू एकाखाली एक सापडले की तो स्टडचा मध्य. भिंतीवर चिकटपट्टीचे तुकडे लावत गेलं की उभी रांग डोळ्यांसमोर येते. पत्र्याचा स्टड असेल तर स्क्रूच्या मधल्या जागेतही चुंबकाला हलकी ओढ जाणवते. लाकडी स्टडमध्ये ती फक्त स्क्रूपाशी किंवा खिळ्यापाशी लागते. टकटक करून ऐकायची पद्धत मदतीला ठीक आहे, भरवशाची नाही.

मिक्सरच्या वरचा पाइप दोन स्टडच्या साधारण मधोमध येत होता. आता मापाचा प्रश्न. हात आत जाईल एवढं भोक पुरेल असं वाटतं, पण हातात पाना असतो आणि पान्याला फिरायला जागा लागते. पाइप प्लॅस्टिकचा, म्हणजे पाइपच्या सिमेंटने (एक प्रकारच्या गोंदाने) चिकटवायचा असेल तर मोकळी जागा पाइपच्या लांबीच्या दिशेने जास्त हवी. कारण नवीन कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) सरकवून बसवायला पाइपची दोन टोकं थोडी बाजूला वाकवावी लागतात, आणि सांध्याला लागून कापलेल्या भोकात पाइप वाकत नाही. सांध्याच्या चारही बाजूंना किमान १५० मिमी असा हिशेब धरला आणि पाइपच्या दिशेने आणखी थोडं वाढवून ३०० मिमी रुंद, ४०० मिमी उंच अशी खिडकी ठरवली. नुसता कॉक फिरवायला यायचं असतं तर २०० चौरसही पुरलं असतं. भोक लहान ठेवण्यात फारसा फायदा नसतो. बुजवायची मेहनत १५० च्या चौकोनाला आणि ४०० च्या चौकोनाला जवळपास सारखीच असते.

भोकाच्या कडा स्टडवर न्यायच्या की स्टडपासून लांब ठेवायच्या, हेही कापायच्या आधीच ठरवावं लागतं, कारण बंद करताना तुकडा टेकणार कशावर ते यावरच अवलंबून असतं. भोक ४०० मिमीपेक्षा रुंद असेल तर दोन्ही उभ्या कडा स्टडच्या मध्यावर न्याव्यात, म्हणजे नव्या तुकड्याला अर्धा स्टड आधाराला मिळतो. त्याहून लहान असेल तर स्टडपासून निदान ५० मिमी लांब राहून मागून प्लायच्या पट्ट्या लावणं सोपं. स्टडच्या अगदी कडेला घासून कापलेलं भोक सर्वांत त्रासाचं : तिथे ना तुकडा टेकतो, ना मागे पट्टी सरकवायला जागा राहते.

पेन्सिलने चौकोन आखला, पाणसळ लावून. वाकडा चौकोन कापायला चालतो, पण त्यात बसणारा तुकडा कापताना घाम निघतो. आखल्यावर लगेच कापलं नाही. आधी चौकोनाच्या मधोमध १० मिमीचं चाचणी-भोक पाडलं. ड्रिल मशीनवर जोर न देता, बिटाला १३ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळून, जेणेकरून बिट बोर्डाच्या पलीकडे जाणार नाही. त्यातून मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा आत घातला. कॅमेरा नसेल तर जाड तार काटकोनात वाकवून आत घालायची आणि गोल फिरवायची. कुठे अडते ते बाहेर पेन्सिलने टिपायचं.

कॅमेऱ्यात दोन गोष्टी दिसल्या. पाइप होता तिथेच होता, एल्बोवर (पाइपच्या काटकोनी जोडावर) पाण्याचे थेंब लोंबत होते. आणि डाव्या बाजूला, आखलेल्या रेघेच्या जेमतेम २० मिमी आत, विजेच्या तारांची राखाडी नळी बोर्डाच्या मागच्या अंगाला चिकटून वर गेली होती. खोलीतल्या दिव्याच्या बटणाशी तिचा संबंध असेल असं बाहेरून अजिबात वाटत नव्हतं, कारण बटण दाराच्या पलीकडे होतं. आख्खा चौकोन ८० मिमी उजवीकडे सरकवला. त्या १० मिमीच्या भोकाने करवतीचं पातं तारांच्या नळीत जाण्यापासून वाचवलं. पाइप आणि तारा भिंतीच्या मधोमधच असतील असं धरू नये. बसवणाऱ्याने नळी जिथे जागा मिळाली तिथे नेलेली असते.

यानंतर वीज बंद. त्या खोलीचा एमसीबी पाडून भागत नाही, कारण पडदीतून शेजारच्या खोलीची किंवा गीझरची तारही जाऊ शकते. मेन स्विच बंद केला आणि उजेडासाठी बॅटरीचा दिवा लावला. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो दिवा दाखवतो का ते पाहायचं, मग वीज बंद करून तपासायचं, आणि शेवटी वीज असलेल्या दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासून टेस्टर मधल्या वेळात बिघडला नाही याची खात्री करायची. बिघडलेला टेस्टर आणि बंद वीज दोन्ही सारखेच दिसतात. पाण्याचा मुख्य कॉकही बंद करून नळ उघडून पाइप रिकामे केले.

खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं, दाराला ओलं कापड लावलं. जिप्समची धूळ पिठासारखी असते आणि घरभर जाते. जॉइंट कंपाउंडच्या धुळीत सिलिका असू शकते, त्यामुळे नुसता रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ किंवा त्यावरचा मास्क हवा. डोळ्यांना चष्मा. आत काचेचा कापूस असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजेही. दुसऱ्या माणसाने बॅटरीवरच्या व्हॅक्यूमची नळी कापण्याच्या जागेखाली धरली तर निम्म्याहून जास्त धूळ तिथल्या तिथे उचलली जाते.

कापण्यासाठी विजेवरचं यंत्र घेतलं नाही. कंपन करणारं मल्टिटूल सरळ आणि झटपट कापतं, पण पातं किती खोल गेलं हे हाताला कळत नाही. ते वापरायचं असेल तर पात्यावर १३ मिमीवर टेप लावून खूण करावी. इथे ब्लेडचा कटर आणि बोर्डाची टोकदार हातकरवत एवढंच वापरलं. आधी कटरने चारही रेघांवर तीन-तीनदा फिरवून पुढचा कागद स्वच्छ कापला. हे टाळलं तर करवतीच्या दात्यांनी कागद फाटतो, त्याचे केस उभे राहतात आणि पुढे कंपाउंडखाली फुगतात. मग तुकड्याच्या मधोमध एक लांब स्क्रू अर्धाच फिरवला, मूठ म्हणून. तो नसेल तर शेवटची रेघ सुटताच तुकडा भिंतीच्या आत पडतो आणि तळाशी जाऊन बसतो.

करवत भिंतीला काटकोनात धरली नाही. ती बाहेरच्या बाजूला झुकवून, साधारण ४५ अंशांत, छोट्या फेऱ्यांनी चालवली. याने दोन कामं होतात. पातं आत कमी खोल जातं, आणि तुकड्याची कड तिरकी पडते : पुढचा भाग मोठा, मागचा लहान. असा तुकडा परत लावताना बाटलीच्या बुचासारखा बसतो, आत ढकलला जात नाही. दोन्ही उभ्या रेघा आधी, मग खालची, वरची शेवटी. कोपऱ्यावर रेघ ओलांडू नये. जादा गेलेल्या कापातून पुढे महिन्यांनी बारीक तडा निघतो, म्हणून करवत कोपऱ्याच्या जरा अलीकडे थांबवून उरलेलं कटरने कापायचं. स्क्रूला धरून तुकडा अलगद बाहेर काढला, मागे बाण काढून 'वर' असं लिहिलं आणि सपाट जागी ठेवला. भोकाचा, पाइपचा आणि तारांच्या नळीचा फोटो घेतला, बाजूला मोजपट्टी धरून. पुढे कधी या भिंतीवर फळी ठोकायची झाली तर हा फोटो लागतो.

दुरुस्ती रविवारी झाली आणि तिच्यात विशेष काही नव्हतं. एल्बोला केसाएवढी चीर होती. तेवढा भाग कापून नवीन एल्बो आणि कपलर बसवला, सिमेंट सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ दिला. घाई करून पाणी सोडलं की सांधा सुटतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

सोमवार ते गुरुवार भिंत उघडीच राहिली. हे चार दिवस सर्वांत जड जातात, कारण काम संपल्यासारखं दिसतं आणि खोलीत भिंतीला भोक असतं. पण चटकन बंद केलेली ओली पडदी म्हणजे आत बुरशीला दिलेली जागा. ओल २४ ते ४८ तासांत सुकली नाही तर बुरशी धरू शकते. या भिंतीत ओल त्याहून जास्त दिवस होती, म्हणून स्कर्टिंग काढून खालची कडही नीट तपासली. बोर्ड कठीण होता आणि कागद सुटला नव्हता, म्हणून तो राहू दिला. अंगठा रुतत असता किंवा काळे ठिपके दिसले असते, तर तेवढी पट्टी कापून टाकावी लागली असती. ओला होऊन मऊ पडलेला जिप्सम वाळला तरी पूर्वीची ताकद धरत नाही. भोकासमोर टेबलफॅन ठेवला, तोंड थेट आत न करता थोडं तिरकं, म्हणजे हवा एका बाजूने आत जाते आणि स्कर्टिंगच्या फटीतून बाहेर पडते.

याच दिवसांत सांध्याची परीक्षाही घेतली. नव्या सांध्यांभोवती टिश्यू पेपर गुंडाळला आणि रोज शॉवर पंधरा मिनिटं चालवला, एकदा गार, एकदा गरम पाण्याने. गरम पाण्याने पाइप लांबतो, आणि जो सांधा गार पाण्यात कोरडा राहतो तो कधी गरम पाण्यात पाझरतो. टिश्यूवर एक थेंब पडला तरी डाग उमटतो, डोळ्यांना तो थेंब दिसणारही नाही. चारही दिवस टिश्यू कोरडे राहिले.

बंद करण्याआधी एक निर्णय असतो : भिंत पूर्ण बुजवायची की झाकणाचं दार ठेवायचं. यावर माझं मत ठाम आहे. भिंतीत कॉक, मिक्सरचा फिरता भाग, निचऱ्याचं सफाईचं तोंड, पंप किंवा तारांची जोडपेटी असेल तर दार ठेवावं. जोडपेटी तर बोर्डाआड बुजवूच नये. ती उघडता येईल अशीच राहिली पाहिजे. अशी दारं प्लॅस्टिकची आणि पत्र्याची, १५० चौरसापासून ६०० पर्यंत तयार मिळतात. त्यांचं भोक झाकणाच्या बाहेरच्या मापाने नव्हे, तर चौकटीच्या आतल्या गळ्याच्या मापाने कापायचं असतं. दार आधी हातात घेऊन मग कापलं तर ही चूक होत नाही. चौकट चिकटवताना पाणसळ लावावी, आणि पाण्याजवळच्या दाराला सिलिकॉनची कड द्यावी. इथे भोकामागे नुसता पाइप आणि त्याचे सांधे होते, उघडझाप करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बुजवायचं ठरलं.

शुक्रवार, १५ तारीख. १२ मिमी प्लायच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ७५ मिमी रुंद, ५०० मिमी लांब. भोक ४०० उंच असल्याने वर-खाली ५०-५० मिमी पट्टी बोर्डाच्या मागे जाते. पट्टीच्या मध्यात अर्धा स्क्रू मूठ म्हणून लावून ती तिरकी आत घातली, बोर्डाच्या मागे ओढून धरली, निम्मी रुंदी भोकात दिसेल अशी. मग बाहेरून २५ मिमीचे स्क्रू : प्रत्येक पट्टीला वर एक, खाली एक, मध्ये दोन. स्क्रूची लांबी मोजून घ्यावी. १२.५ चा बोर्ड आणि १२ ची प्लाय मिळून साडेचोवीस होतात, त्यामुळे २५ मिमीचा स्क्रू मागे जेमतेम टोक काढतो. हाताशी आहेत म्हणून ५० मिमीचे स्क्रू लावले तर नुकताच दुरुस्त केलेला पाइप बंद करतानाच फुटतो. अशी गळती पुष्कळदा लगेच दिसतही नाही, कारण स्क्रूच ते भोक बुजवून ठेवतो आणि पुढे गंजल्यावर पाणी सुटतं.

जुना तुकडा वापरण्याचा विचार होता. त्याची जाडी हमखास जुळते, हा मोठा फायदा. पण त्याच्या खालच्या कडेला ओल लागून कागद सुटला होता, म्हणून तेवढ्याच जाडीच्या नव्या बोर्डातून २९६ बाय ३९६ चा तुकडा कापला. चारही बाजूंना २ मिमी फट मुद्दाम ठेवली. ठोकून बसवावा लागणारा तुकडा कडेला चुरतो, आणि फट असेल तर तिच्यात भरलेलं कंपाउंड दोन्ही कडांना पकडतं. तुकड्याला प्रत्येक पट्टीवर तीन, एकूण सहा स्क्रू. कापलेल्या कडेपासून स्क्रू १५ मिमी तरी आत हवा. डोकं कागदाच्या पातळीच्या जेमतेम खाली जावं, पण कागद फाटू नये. कागद फाटला की तो स्क्रू काहीच धरत नाही. त्याच्यापासून ४० मिमीवर दुसरा लावायचा आणि पहिला काढून टाकायचा.

यानंतर भोकाच्या कडेवरचे कागदाचे केस कटरने तिरके छाटले, आणि फटीत पावडरचं, पाण्यात कालवून घट्ट होणारं कंपाउंड भरलं. ते साधारण ४५ मिनिटांत रासायनिक क्रियेने घट्ट होतं आणि वाळताना आक्रसत नाही म्हणावं इतकं कमी आक्रसतं. तयार बादलीतलं कंपाउंड खोल फटीत भरलं तर ते वाळताना खोलगट बसतं आणि तडकतं. ते वरच्या थरांसाठी चांगलं.

टेपसाठी जाळीची आणि कागदाची अशी दोन्ही मिळतात. जाळीची चिकटवायला सोपी, पण जाड, आणि तिच्यावर पावडरचंच कंपाउंड घालावं लागतं, कारण तिची ताकद कमी. कागदाची पातळ आणि भक्कम. चारही सांध्यांना मिळून दीड मीटर टेप पुरली. सांध्यावर कंपाउंडचा पातळ गादीसारखा थर, त्यावर पाण्यात बुडवून निथळलेली टेप, आणि १०० मिमीच्या पत्र्याने (लेप ओढायच्या सपाट पात्याने) मध्यापासून टोकाकडे दाबत जायचं. टेपखाली कंपाउंड कमी पडलं तर तिथे हवेचा फुगा राहतो. तो वाळल्यावर टिचकी मारली की पोकळ वाजतो. तेवढा भाग कापून पुन्हा लावण्याला पर्याय नाही, वरून कितीही थर दिले तरी फुगा बसत नाही.

आता सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट. कारखान्यातून आलेल्या बोर्डाच्या लांब कडा थोड्या दबलेल्या असतात, म्हणून तिथली टेप त्या खोलगटात मावते. आपण कापलेली कड पूर्ण जाडीची असते, तिथे टेप आणि कंपाउंड भिंतीच्या वरच राहतं. म्हणजे उंचवटा होणारच. तो घासून घालवता येत नाही, घासलं तर टेप उघडी पडते. तो लांबवर पसरवून नजरेआड करायचा असतो. म्हणून शनिवारी दुसरा थर २५० मिमीच्या पत्र्याने आणि रविवारी तिसरा ३०० मिमीच्या पत्र्याने दिला, दर वेळी आधीच्या थराच्या बाहेर जात. शेवटी ३०० बाय ४०० च्या भोकासाठी साधारण मीटरभर बाय मीटरभर भिंतीवर कंपाउंड पसरलं होतं. पत्र्याच्या बाहेरच्या टोकावर दाब आणि आतल्या टोकाला हलकं, असं धरलं की कड कागदासारखी पातळ होते. तिन्ही थरांना मिळून दीड किलोच्या आत कंपाउंड लागलं. बादलीत उरलेल्याच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून झाकण लावलं की ते टिकतं.

प्रत्येक थरामध्ये २४ तास. हवा दमट असेल तर जास्त. वाळलेलं कंपाउंड सगळीकडे सारखं पांढरं दिसतं, ओल्या जागा करड्या राहतात. हाताची पालथी बाजू लावली की ओली जागा गार लागते. गार लागत असताना पुढचा थर दिला तर खालचा नंतर आक्रसतो आणि सांध्याची रेघ वर उमटते.

सोमवारी, १८ तारखेला, घासकाम. भिंतीला चिकटवून टॉर्च आडवा धरला की जे उंचवटे समोरून दिसत नाहीत ते सावल्यांमधून उघडे पडतात. त्या जागांवर पेन्सिलने गोल केले आणि १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासलं, शेवटी २२० ने. बोर्डाच्या कागदाला लव दिसायला लागली की थांबायचं, ती लव रंगाखाली वेगळी दिसते. धूळ नको असेल तर ओल्या, नीट पिळलेल्या स्पंजनेही कडा मिटवता येतात, फक्त वेळ जास्त लागतो.

त्याच दिवशी संध्याकाळी प्रायमर. हा टाळला तर कंपाउंड रंग जास्त पितं, जुना रंग कमी पितो, आणि बाजूने पाहिलं की चौकोन चकाकीतल्या फरकाने ओळखू येतो. मूळ पिवळ्या डागावर मात्र साध्या प्रायमरने भागत नाही. पाण्याचा डाग पाण्याच्या रंगातून पुन्हा वर येतो, त्याला डाग अडवणारा वेगळा प्रायमर लागतो. मंगळवारी, १९ तारखेला, रंगाचे दोन हात दिले. फक्त ठिगळावर न देता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आख्ख्या भिंतीला, कारण डब्यातला तोच रंगसुद्धा भिंतीवर काही वर्षं राहिलेल्या रंगाशी जुळत नाही. स्कर्टिंग परत लावताना स्क्रू फक्त चुंबकाने सापडलेल्या स्टडवरच मारले. तारांच्या नळीची जागा मोजमापासकट फोटोत आहे, आणि त्या फोटोची छापील प्रत एमसीबीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे.